सात रात्री बोटीवर

धरमपेठेत डायव्हिंगची चौकशी करायला येणारा माणूस पाण्याबद्दल सहसा शेवटी विचारतो. पहिला प्रश्न असतो, "सात रात्रीचे किती लागतात?" वेस्ट हायकोर्ट रोडवरून आत वळलं की गल्लीत आमचं छोटं ऑफिस आहे. चारधाम, केरळ, हिमाचल ही आमची रोजची कामं. अलीकडे त्यात 'लिव्हअबोर्ड'ची भर पडली आहे. म्हणजे बोटीवरच राहायचं, तिथेच जेवायचं-झोपायचं आणि दिवसातून तीन-चार वेळा पाठीवर हवेची टाकी बांधून पाण्यात उतरायचं. मालदीव, इजिप्तचा लाल समुद्र, अंदमान.

नागपूरकराला ही कल्पना लगेच का पटते, ते मला कळतं. समृद्धीवरून गेलं तरी भिवंडीजवळच्या आमणेपर्यंत 701 किलोमीटर होतात. समुद्र आपल्याला इतका लांब, की एकदा निघालो तर सगळं पाहूनच यावं असं वाटतं. त्यात सात रात्रीचं पॅकेज, रोज नवी जागा, सामान एकदाच उघडायचं. कागदावर याच्याहून चांगला सौदा दिसत नाही.

टेबलाच्या या बाजूला बसून इतके निर्णय होताना आणि मोडताना पाहिले आहेत की माझं मत आता पक्कं झालं आहे. लांबची बोट एकाच कारणासाठी घ्यावी. जिथे उतरायचं आहे ती जागा किनाऱ्यावरून सकाळी निघून संध्याकाळी परत येण्यासारखी नसेल तर. मासे, फोटो, निवांतपणा, मित्रांची सोबत ही बाकीची सगळी कारणं किनाऱ्यावर खोली घेऊनही साधतात, आणि अनेकदा जास्त चांगली साधतात.

रामदासपेठेत प्रॅक्टिस असलेले एक डॉक्टर मालदीवच्या बोटीचं माहितीपत्रक छापूनच घेऊन आले होते. सोबत मॅडम होत्या. मी विचारलं, "सर, लॉगबुक आणलंय का?"

"लॉगबुक कशाला? मालवणला दोनदा स्कूबा केलंय ना आम्ही. व्हिडिओ दाखवू?"

व्हिडिओ सुंदर होता. पिवळे-काळे पट्टेवाले मासे डॉक्टरांच्या चेहऱ्याभोवती फिरत होते आणि ते दोन्ही हातांनी 'ओके'ची खूण करत होते. पण त्यांच्या मागे, चौकटीच्या कडेला, आणखी एक हात दिसत होता. प्रशिक्षकाचा. तो शेवटपर्यंत टाकीवरून सुटला नाही. मालवण-तारकर्लीला पर्यटक जे करतात त्यात खोली थोडी, वेळ थोडा, आणि खाली-वर नेण्याचं सगळं काम प्रशिक्षकाचं. त्यात कमीपणा काहीच नाही. कित्येकांना पाण्याखालच्या जगाची ओढ तिथेच लागते. पण बोटवाले ज्याला डाइव्ह म्हणतात तो हा नव्हे.

मी त्यांना मालदीवचं पाणी समजावून सांगितलं. तिथे बेटांची कंकणं आहेत आणि दोन बेटांमधून समुद्र आत-बाहेर करतो ती खिंड, तिला स्थानिक भाषेत 'कांडू' म्हणतात. मोठे मासे, शार्क, रे यायचे ते या खिंडीच्या तोंडाशी, कारण प्रवाह तिथे जोराचा असतो. दिवाळीच्या आदल्या संध्याकाळी सीताबर्डीच्या मेन रोडवर शिरलं की आपण चालत नाही, गर्दी आपल्याला नेते, तसं ते पाणी माणसाला नेतं. तिथे मागून टाकी धरणारं कुणी नसतं. खडकाला हुक अडकवून, श्वास शांत ठेवून, आपली हवा किती उरली ते स्वतः पाहत राहावं लागतं. ओपन वॉटर कोर्स झालेल्याला 18 मीटरपर्यंतची मुभा, अ‍ॅडव्हान्स्ड झालेल्याला 30. मालदीवमध्ये हौशी डायव्हरसाठी मर्यादाच 30 मीटरची आहे. लाल समुद्रात ब्रदर्स, डिडलस अशा दूरच्या बेटांवर जायचं तर किमान 50 डाइव्हची नोंद दाखवावी लागते.

डॉक्टर ऐकत होते. मग मॅडम म्हणाल्या, "आणि मी काय करू सात दिवस? मला तर पाण्यात उतरायचंच नाही."

या प्रश्नापाशी अर्धी बुकिंगं थांबतात, आणि थांबलीच पाहिजेत असं मला वाटतं. पाण्यात न उतरणाऱ्या माणसालाही बोटीवर जवळपास तेवढेच पैसे पडतात. आजूबाजूला सगळे एक तर पाण्यात असतात, नाही तर पाण्यातून येऊन झोपलेले. सकाळी सहाच्या आत घंटा होते, फळ्यावर नकाशा काढून माहिती सांगतात, सगळे छोट्या बोटीत बसून जातात. मालदीवला या छोट्या बोटीला धोणी म्हणतात. टाक्या आणि त्या भरायचा कॉम्प्रेसर तिच्यावरच असतो. ती गेली की मोठ्या बोटीवर उरतो स्वयंपाकी, एखादा खलाशी आणि न उतरणारी बायको किंवा नवरा. दिवसातून तीनदा.

शेवटी ते दोघं अंदमानात स्वराज द्वीपला, म्हणजे हॅवलॉकला गेले. डॉक्टर रोज सकाळी कोर्सला जायचे आणि दुपारनंतर दोघं राधानगरच्या किनाऱ्यावर. परत आल्यावर मॅडमचाच फोन आला. डॉक्टरांचं कोर्सचं कार्ड आलं होतं आणि आता लॉगबुकात खरंच काही पानं भरली होती.

पैशाच्या हिशेबातली एक गोष्ट आमच्या टेबलावर हमखास उलगडून सांगावी लागते. सात रात्री म्हणजे सात दिवस डायव्हिंग नव्हे. पहिला दिवस चढण्यात आणि एका तपासणीच्या डाइव्हमध्ये जातो. त्यात बोटीवरचा गाइड तुमचा तोल, वजन, घाबरगुंडी सगळं बघून घेतो. शेवटचा दिवस कोरडा. कारण दाबाखाली श्वास घेताना अंगात विरघळलेला नायट्रोजन हळूहळू बाहेर पडायला वेळ लागतो. लागोपाठ अनेक दिवस उतरलेल्या माणसाने विमानात बसण्याआधी किमान 18 तास थांबावं असं डायव्हर्स अलर्ट नेटवर्क सांगतं, आणि बहुतेक बोटी पुरा दिवस सोडतात. मधल्या दिवसांत तीन-तीन डाइव्ह, एखादा रात्रीचा, असे साधारण सतरा-अठरा होतात. त्यात नागपूरहून मुंबई किंवा बंगळुरू गाठून पुढचं विमान पकडायचं, येतानाही तेच. म्हणजे सुट्टी दहा दिवसांची टाकावी लागते.

माहितीपत्रकातला आकडा दोघांच्या कॅबिनमधल्या एका खाटेचा असतो. त्यावर इंधनाचा अधिभार, सागरी उद्यानाची फी, नायट्रॉक्स, भाड्याचं सामान, खलाशांची बक्षिसी आणि डायव्हिंगचा विमा. विमा मी कुणालाही टाळू देत नाही. कुणाला दाबाचा त्रास झालाच तर उपचार रिकॉम्प्रेशन चेंबरमध्ये होतो आणि तो दर बेटावर नसतो. आता नायट्रॉक्स. नेहमीच्या हवेत 21 टक्के ऑक्सिजन असतो, या मिश्रणात साधारण 32. नायट्रोजन तेवढा कमी. दिवसाला एकच डाइव्ह करणाऱ्याला त्याची फारशी गरज नाही, पण चौथ्या-पाचव्या दिवशी रोजचा तिसरा डाइव्ह करणाऱ्याने ते घ्यावं. मात्र त्याचा छोटा कोर्स आधी करावा लागतो, आणि फार खोल गेलं तर हेच मिश्रण घातक ठरतं.

लोक एकूण रकमेला अठराने भागतात आणि म्हणतात, दर डाइव्ह तर स्वस्तच पडला. गोकुळपेठेतल्या चार मित्रांनी माझ्यासमोरच असा भागाकार मोबाइलवर करून दाखवला होता. चौघंही तरबेज, कार्डवाले. त्यांतल्या एकाला बोट लागली. पहिल्या रात्री उघड्या समुद्रातून जाताना त्याने जे अंथरूण धरलं, ते मधले दोन दिवस सोडलं नाही. त्याचा भागाकार पार वेगळा झाला. तेव्हापासून मी ज्यांनी कधीच बोटीवर रात्र काढलेली नाही त्यांना आधी दिवसभराच्या बोटीवर जाऊन या म्हणते. गोळी कोणती घ्यायची हेही आपल्या डॉक्टरांना आधीच विचारायचं. काही गोळ्यांनी झोप येते, आणि पेंगुळलेल्या माणसाने पाण्यात उतरायचं नसतं.

विमानाचं सगळ्यांना माहीत असतं, घाटाचं कुणाच्या लक्षात येत नाही. मालवणकडे दोन-तीन डाइव्ह करून त्याच संध्याकाळी गाडीने आंबोली चढणारे लोक असतात. आंबोली साधारण 690 मीटरवर आहे. अंगात नायट्रोजन असताना तेवढं वर जाणंही लागोपाठ उतरलेल्या माणसाला बरं नाही. रात्री खालीच मुक्काम करा, मालवणी जेवा, सकाळी निघा. हे मी प्रत्येक गाडीवाल्या ग्राहकाला सांगते.

आता एक गृहस्थ. जलसंपदा खात्यातून निवृत्त झालेले अभियंता, शंकरनगरचे. मुलगा दुबईला, त्याच्यासोबत लाल समुद्रात जायचं ठरत होतं. काकांचं वय पाहून मी वैद्यकीय फॉर्म पुढे केला. तो त्यांनी आधीच भरून आणला होता, हृदयरोगतज्ज्ञाच्या सहीसकट. मग वहीतून एक कागद काढला.

"तुम्ही बोटवाल्याला हे विचारून द्या. रात्री जागं कोण असते?"

मी कागद वाचला. रात्रपाळीला नेमलेला माणूस फेऱ्या मारतो का. खालच्या कॅबिनमधून वर यायला वाटा किती, आणि दुसरी वाट पहिलीच्याच खोलीत उघडते की वेगळीकडे. कॅमेरे आणि टॉर्चच्या बॅटऱ्या कुठे चार्ज करतात. लाइफजॅकेट कॅबिनमध्ये आहेत की डेकवर. पहिल्या दिवशी कवायत घेतात का.

काकांनी अपघातांचे अहवाल वाचले होते. 2 सप्टेंबर 2019 च्या पहाटे कॅलिफोर्नियात सांताक्रूझ बेटाजवळ नांगरलेल्या 'कन्सेप्शन' या डायव्हिंग बोटीला आग लागली आणि 34 जण गेले. ते सगळे खाली झोपले होते. जिना आणि आपत्कालीन झडप दोन्ही वरच्या एकाच दालनात उघडत होती, आणि आग त्याच दालनात होती. फेरी मारणारा पहारेकरी नव्हता. तपासात यावरच बोट ठेवलं गेलं आणि पुढे कप्तानाला तुरुंगवास झाला. नोव्हेंबर 2024 मध्ये लाल समुद्रात मार्सा आलमजवळ 'सी स्टोरी' उलटली. 40 हून जास्त माणसं होती, 11 जण मेले किंवा बेपत्ता झाले. उलट्या बोटीच्या कॅबिनमध्ये अडकलेल्या काहींना एका दिवसाहून अधिक काळाने जिवंत बाहेर काढलं.

आम्ही काकांचे प्रश्न जसेच्या तसे पाठवले. एका बोटीच्या ऑफिसातून उत्तर आलं की आमची बोट अगदी सुरक्षित आहे, काळजी नसावी. सोबत जेवणाच्या टेबलाचे फोटो. दुसऱ्या बोटीने रात्रपाळीचं वेळापत्रक, कॅबिनचा नकाशा आणि दोन्ही वाटांवर केलेल्या खुणा पाठवल्या. ती काहीशी महाग होती. काकांनी वेळापत्रकवाली बोट घेतली. मुलगा फोनवर कुरकुरत होता, जेवणाचे फोटो त्यानेही पाहिले होते. तो काकांचा कागद मी आता जपून ठेवला आहे आणि त्याची प्रत प्रत्येकाला देते. त्यातला एकही प्रश्न डायव्हिंगचा नाही. लांबच्या बोटीवर दिवसाचे तीन-चार तास पाण्यात जातात, बाकीचे वीस तास बोटीवर. जीव सांभाळायचा तो त्या वीस तासांतही.

आणि हे केवळ परदेशातल्या मोठ्या बोटींपुरतं नाही. 24 मे 2022 ला तारकर्लीजवळ पर्यटकांची बोट उलटून दोघांचा जीव गेला, तो किनारा डोळ्यांसमोर असताना. लाइफजॅकेट अंगावर आहे का, बोटीत माणसं किती, हे विचारायला लाजायचं काही कारण नाही.

आता ज्या जागेसाठी लांबची बोट खरोखर लागते, तिची गोष्ट. धरमपेठेतलीच एक मुलगी, प्राणिशास्त्र शिकणारी, अंबाझरीकडच्या जलतरण तलावात लहानपणापासून पोहणारी. तिने येऊन थेट सांगितलं, "ताई, मला आंग्रिया बँकवर जायचं आहे." तिची आई शेजारी बसली होती. "बँकेत जायला एवढं काय विचारून राहिली?" मुलीने आईला समोरच्या कागदावर नकाशा काढून दाखवला.

विजयदुर्गाच्या पश्चिमेला साधारण 105 किलोमीटरवर समुद्राच्या पोटात एक पठार आहे. लांबी 40 किलोमीटरच्या आसपास, रुंदी 15. वर एक दगडही दिसत नाही, सगळं पाण्याखाली, आणि त्यावर प्रवाळ. कान्होजी आंग्र्यांचं नाव या पठाराला आहे, आणि विजयदुर्ग तर आंग्र्यांच्या आरमाराचा मोठा तळ. सागरी जीवशास्त्रज्ञ डॉ. सारंग कुलकर्णी यांनी या पठाराचा अभ्यास केला आणि ते लोकांपुढे आणलं. डिसेंबर 2019 मध्ये वाइल्डलाइफ कन्झर्व्हेशन सोसायटी आणि केंद्र सरकारच्या शास्त्रज्ञांची मोहीमही तिथे जाऊन आली.

मी तिच्यासोबत हिशेब मांडला. 105 किलोमीटर म्हणजे सुमारे 57 सागरी मैल. 8 नॉटने जाणाऱ्या बोटीला एका बाजूला सात तास. सकाळी जाऊन, उतरून, संध्याकाळी परत ही गोष्टच नको. रात्र समुद्रात काढावीच लागते. शिवाय पठाराचा उथळ भागही साधारण 20 मीटर खाली आहे. ओपन वॉटरवाल्याची मर्यादा 18, म्हणजे नवख्याला पहिल्या पायरीवरच तिथे मज्जाव. 20 मीटरवर दाब पृष्ठभागाच्या तिप्पट असतो, त्यामुळे टाकीतली हवाही तिप्पट वेगाने संपते. विसावायला किनारा नाही, धरायला दोर नसेल तर समोर फक्त निळं पाणी. माझ्या माहितीतली लांबच्या बोटीची सगळ्यात खरी गरज असलेली जागा हीच, आणि ती आपल्याच राज्यासमोर आहे.

पण आमच्या टेबलावरून तिथलं तिकीट काढता येत नाही. राज्याची हद्द किनाऱ्यापासून 12 सागरी मैलांत संपते. त्यापलीकडे केंद्राचा अधिकार. आंग्रियाच्या पर्यटनाच्या घोषणा मी अनेकदा वाचल्या आहेत. अंदमानातल्या बॅरन बेटाची कथाही काहीशी अशीच. भारतातला एकमेव जागता ज्वालामुखी, श्री विजय पुरम म्हणजे पोर्ट ब्लेअरपासून 130-140 किलोमीटरवर, काळ्या राखेच्या उतारावर प्रवाळ. परवानगी आणि हवामान दोन्ही जुळावं लागतं. याच्या उलट, नौदलातून निवृत्त झालेली 'आयएनएस गुलदार' निवतीच्या खडकांजवळ समुद्रतळाशी ठेवण्याचा राज्याचा प्रकल्प आहे. ती जागा किनाऱ्यापासून जवळ. तिच्यासाठी कुणी सात रात्रीची बोट विकत असेल तर घेऊ नका.

मुलीला मी तारकर्लीला एमटीडीसीच्या 'इसदा' संस्थेत पाठवलं. नागपूर-मडगाव गाडीने कुडाळ, तिथून रिक्षा. आईने डबा दिला, सोबत ठेचा आणि एक अट : रोज पाण्यातून बाहेर आल्यावर फोन. ओपन वॉटर झाला, मग अ‍ॅडव्हान्स्ड. एका संध्याकाळी तिचा फोन आईऐवजी मला आला. पाण्याखाली दिसायचं कमी झालं होतं, अंदाजे दोन हात, आणि तिच्या जोडीदाराचा दिवा क्षणभर दिसेनासा झाला. तिने शिकवल्याप्रमाणे एक मिनिट शोधलं, मग हळूहळू वर आली. तोही वर आला होता. ती सांगताना आवाज स्थिर होता. "आता मला वाटतं मी बोटीवर जाऊ शकते," म्हणाली. माझ्या मते ती तयार झाली ती त्या दिवशी, कार्ड हाती आलं तेव्हा नव्हे.

आंग्रियाला बोटी जाव्यात की नाही, यावर तिचं आणि माझं अजून जमलेलं नाही. ती म्हणते, शास्त्रज्ञांखेरीज कुणीच जाऊ नये. मला वाटतं, जे लोक पाहतील तेच त्यासाठी भांडतील. पण एका अटीवर आम्ही दोघीही ठाम आहोत. तिथे नांगर टाकता कामा नये. एका मोठ्या बोटीचा नांगर आणि त्याची साखळी वाऱ्याबरोबर फिरली की शेकडो वर्षांचा प्रवाळ एका रात्रीत चुरा होतो. आधी कायमचे मूरिंग बॉय बसवा, बोटींची आणि माणसांची संख्या ठरवा, 50 डाइव्हची अट घाला, रात्रपाळीचं वेळापत्रक मागा, आणि मग तिकीट विका. तोवर आमच्याकडे आंग्रियाची चौकशी आली की मी नाव-नंबर लिहून घेते, अ‍ॅडव्हान्स घेत नाही.